परसों म्हणजे कधी?

तारामतीबाई भालकीकरांना हैदराबादच्या चिक्कडपल्लीत सगळे ‘परसोंवाल्या बाई’ म्हणत. हे नाव कुणी चांगल्या मनाने ठेवलेलं नव्हतं, पण बाईंनी ते इतक्या खुशीने स्वीकारलं की ठेवणाऱ्यांची मजाच गेली. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी पुढे करताना म्हणायची, ‘‘आजची आहे बाई, परसोंची नाही.’’ बाई ती जुडी नाकाशी नेऊन खात्री करून घेत आणि मगच पिशवीत टाकत.

बाई मूळच्या शहरातल्या नव्हेत. माहेर नांदेडकडे, एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरचं. लग्न होऊन हैदराबादेत आल्या त्या थेट सरकारी नोकरांच्या घरात. भालकीकरांकडे सासरे, आजेसासरे सगळे निजामाच्या दफ्तरात कलमं घासलेले. घरात मराठी बोलली जाई, पण वाण्याचा हिशेबसुद्धा उर्दूत लिहिला जाई. नवरा नामदेवराव तर मराठी वर्तमानपत्र अक्षरं लावून लावून वाचायचे आणि मध्येच ‘‘हे काय लिहिलंय की’’ म्हणून बायकोकडे द्यायचे. बाई शिकल्या त्या लग्नानंतर, आणि शिकल्या त्या अशा की सुलतान बाजारातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्या. त्यांचा आवाज दणदणीत होता. शेवटच्या बाकावरची मुलगी वेणी घालत असेल तर तिला वेगळं ओरडावं लागत नसे.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि बावन्न साली पहिली निवडणूक आली. पक्षाला एक बाई उमेदवार हवी होती. मागच्या बाकापर्यंत आवाज जाणारी बाई सगळ्यांच्या ओळखीत एकच होती. मलकपेठेकडच्या वस्त्यांमधून त्या उभ्या राहिल्या, घरोघर हिंडल्या, मिळेल तिथे चहा प्यायल्या आणि निवडून आल्या. आल्या तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

बाग-ए-आममधल्या त्या पांढऱ्या घुमटांच्या इमारतीत विधानसभा भरायची. सभासद कुणी तेलुगूत बोले, कुणी कानडीत, कुणी मराठीत, आणि मंत्री बहुतेक उर्दूत उत्तर देत. प्रत्येकाला दुसऱ्याचं निम्मं कळे आणि उरलेलं निम्मं आपल्या बाजूचं आहे असं प्रत्येक जण धरून चाले. बाईंनी मात्र पहिल्या दिवसापासून एकच विषय पकडला, तो म्हणजे वीज. गिरण्यांना वीज स्वस्त आणि घरांना महाग असं का? कोळसा आपल्या जिल्ह्यांतून निघतो, मग अंधारही आपल्याच जिल्ह्यांत का? नवं वीजघर होणार म्हणता, त्यातली किती कारखान्यांना आणि किती गावांना? मंत्री काहीतरी सांगत आणि खाली बसत. बाई पुन्हा उभ्या राहत.

आता यातली गंमत अशी की नामदेवराव त्याच खात्यात नोकरीला होते. दिवाबत्ती खातं म्हणत त्याला. तिथे ते मुन्तजिम होते, म्हणजे कारकुनांच्या वरचे आणि साहेबांच्या खालचे. विधानसभेत खात्याबद्दल प्रश्न आला की उत्तराचा मसुदा करायला तो त्यांच्या टेबलावर यायचा. बाईंनी घरात बसून लिहिलेला प्रश्न बाग-ए-आमला जायचा, तिथून मंत्र्यांकडे, मंत्र्यांकडून साहेबांकडे, आणि आठवड्याभरात नामदेवरावांच्या पुढ्यात. मग नामदेवराव उत्तर लिहीत, ते त्याच वाटेने परत जाई आणि शेवटी बाईंच्या कानावर पडे. इतका लांबचा वळसा घालून बोलणारं दुसरं जोडपं हैदराबादेत नसेल.

म्हणून दोघांनी घरात एक नियम केला होता. उंबऱ्याच्या आत विजेचा विषय काढायचा नाही. नियम नामदेवरावांनी केला आणि मोडायचा मोहही त्यांनाच जास्त व्हायचा. भाकरी मोडता मोडता ते भिंतीकडे बघून म्हणत, ‘‘आज एका मेंबरानं खात्याला फार परेशान केलं. काय डोकं आहे की त्याचं.’’

‘‘असेल एखादा गाढव,’’ बाई म्हणत.

‘‘गाढव नाही, पण हट्टी. प्रश्नावर तारा लावून पाठवतो. तोंडी उत्तर पाहिजे म्हणे.’’

‘‘तारांकित म्हणतात त्याला.’’

‘‘हौ, तारामतीचा प्रश्न तारांकितच असणार,’’ असं म्हणून नामदेवराव स्वतःच हसत आणि नियम मोडला म्हणून स्वतःच कानाला हात लावत.

मलकपेठेच्या मागच्या अंगाला गोपाळबाग नावाची वस्ती होती. तिथे एक जचकीखाना होता. बायका बाळंत व्हायला तिथे येत. खाटा थोड्या, आणि सगळा कारभार सुशीलाबाई नावाच्या नर्सच्या हातात. वस्तीत विजेचे खांब कधीचे उभे होते. खांबांवर तार मात्र नव्हती. बायका दोन खांबांमध्ये दोरी बांधून लुगडी वाळत घालत आणि एका खांबाला कुणाची तरी शेळी कायमची बांधलेली असे. जचकीखान्यात दिव्याची बटणं बसवलेली होती, छताला दिव्याची जागा होती, आणि खाली कंदील. बाईंनी निवडणुकीत इथे शब्द दिला होता की इथली वीज मी आणीन. बाकीचे शब्द त्यांनी पक्षाच्या वतीने दिले होते. हा एक स्वतःच्या वतीने दिला होता.

म्हणून त्रेपन्न सालच्या अधिवेशनात त्यांनी विचारलं, गोपाळबागेच्या जचकीखान्याला वीज देण्याचा हुकूम निघाला आहे काय, आणि असल्यास कधी?

मंत्री गोड स्वभावाचे जुने हैदराबादी गृहस्थ होते. उत्तराचा कागद समोर असूनही ते सहसा त्याकडे बघत नसत. म्हणाले, ‘‘बाई साहिबा, हुकुम तो परसोंइच निकल गया. काम हो जाता, फिकिर नक्को करो.’’

बाई खाली बसल्या त्या आनंदाने. परवा हुकूम निघाला, म्हणजे सोमवारी. म्हणजे चार-आठ दिवसांत तार. अधिवेशन संपायची वाट न बघता त्यांनी सायकलरिक्षा केली आणि गोपाळबागेत जाऊन ही बातमी स्वतःच्या तोंडाने सांगितली. वस्तीला तर सण आल्यासारखं झालं. लुगड्यांच्या दोऱ्या सुटल्या, शेळी दुसरीकडे गेली, आणि सुशीलाबाईंनी सुलतान बाजारातून दोन बल्ब आणून छताला लावले. त्या उत्साही बाईने आणखी एक गोष्ट केली. काजळी धरलेले, काचा तडकलेले कंदील तिने भंगारवाल्याला देऊन टाकले आणि एकच ठेवला.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. खांबावर कुणी चढलं नाही. मग एका संध्याकाळी एक अडलेली बाई आली आणि नेमकी त्याच वेळी त्या एकुलत्या कंदिलाची काच फुटली. शेजारून एका लग्नाची वरात चालली होती. सुशीलाबाईंनी पळत जाऊन वरातीतला पेट्रोमॅक्सवाला धरून आणला. तो बिचारा डोक्यावर बत्ती घेऊन, दाराकडे तोंड आणि खोलीकडे पाठ करून उभा राहिला. बाहेर त्याच्या नावाने बँडवाले खोळंबले होते. तो हलला नाही. बाळ रडलं तेव्हा त्याने फक्त विचारलं, ‘‘अब जाऊं क्या, अम्मा?’’

दुसऱ्या दिवशी सुशीलाबाई चिक्कडपल्लीला आली. रागावली नाही, ओरडली नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘‘बाई, या वेळी दोघंही वाचली. पण तुम्ही परवा म्हणाला होता.’’

बाईंना त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी नामदेवराव घरी आले तेव्हा त्यांनी उंबऱ्यातच नियम मोडला. ‘‘तुमच्या खात्यानं परवा काढलेला हुकूम अजून गोपाळबागेत का पोचला नाही, सांगा.’’

नामदेवराव चपला काढता काढता थांबले. ‘‘परवा? परवा कुठला हुकूम निघाला? मंत्री काय शब्द बोलले?’’

‘‘परसों.’’

नामदेवरावांच्या मिशीखाली हसू फुटलं. ते त्यांनी पुष्कळ आवरलं, पण आवरेना. ‘‘अगं, तू या शहरात किती वर्षं राहतेस? इथला परसों म्हणजे परवा नाही. इथं जे काही होऊन गेलं ते सगळं परसों. आमचे वडील जाऊन जमाना झाला, आणि समोरचे चाँदमियाँ अजून सांगतात, परसों तुमच्या अब्बांना चारमिनारपाशी पाहिलं. मला पहिल्यांदा ऐकून घाम फुटला होता.’’

बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. बांगडीवाला ‘‘परसों तो भरे थे चूडियाँ’’ म्हणे तेव्हा त्या मनातल्या मनात वर्ष-दीड वर्ष धरत. ‘‘बाजारात ठीक आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण सभागृहात?’’

‘‘सभागृह हैदराबादेतच आहे ना,’’ नामदेवराव म्हणाले.

हे वाक्य बाईंना झोंबलं. बाजारात शब्द सैल असला तर फार तर बांगडी फुटते. सरकार सभागृहात उभं राहून बोलतं तेव्हा तिकडे कुणीतरी कंदील भंगारात देतं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढच्याच बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, ‘‘माननीय मंत्री ‘परसों’ या शब्दाचा खुलासा करतील काय?’’

सभागृह हसलं. मंत्रीही दिलखुलास हसले. ‘‘परसों बोले तो परसों, बाई साहिबा.’’

‘‘मी मराठीत ऐकलं, आपण हैदराबादीत बोललात. चूक माझी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण माझ्या चुकीमुळे एक बाई वरातीच्या बत्तीवर बाळंत झाली. म्हणून मला परसोंची तारीख पाहिजे. मागची, आणि पुढचीही.’’

हसू जरा कमी झालं. मंत्र्यांनी पुढच्या आठवड्यात माहिती देतो म्हणून कबूल केलं. वर्तमानपत्रांना मात्र हसायला विषय मिळाला, आणि त्याच दिवसापासून तारामतीबाई परसोंवाल्या बाई झाल्या.

या खेपेला प्रश्न नामदेवरावांच्या टेबलावर आला तो साहेबांच्या तोंडी हुकुमासकट. त्या संध्याकाळी ते घरी आले आणि भिंतीशी बोलले नाहीत. ताटावर बसले, पहिला घास तसाच हातात धरून म्हणाले, ‘‘साहेब म्हणतात, लिहा, मामला विचाराधीन आहे. आणि म्हणतात, घरी जरा समजवा. आदिलाबादला एक जागा रिकामी आहे.’’

आदिलाबाद म्हणजे राज्याच्या पार वरच्या टोकाला. नामदेवराव जन्मात शहराबाहेर राहिले नव्हते. त्यांना दमा होता, त्यांचा हकीम गल्लीच्या टोकाला होता, आणि चाँदमियाँशी संध्याकाळी ओट्यावर दोन शब्द झाल्याशिवाय त्यांना दिवस संपल्यासारखा वाटत नसे. साहेबांना हे सगळं माहीत होतं.

‘‘साहेबांना एवढं काय लागलं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘ते नक्को विचारू. ते खात्याचं आहे.’’

बाईंनी बराच वेळ पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. प्रश्न विचारताना त्यांना आजवर कधी भीती वाटली नव्हती. आता वाटत होती, आणि ती लपवावी असंही त्यांना वाटेना. ‘‘मी प्रश्न मागं घेऊ का?’’ त्या म्हणाल्या. ‘‘सरळ सांगा. मला राग येणार नाही.’’

नामदेवरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी एक भलतंच विचारलं. ‘‘तो पेट्रोमॅक्सवाला खरंच शेवटपर्यंत पाठ करून उभा होता?’’

‘‘हो. मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या म्हणे.’’

‘‘हं,’’ नामदेवराव म्हणाले. ‘‘वरण वाढ.’’

बाईंनी वरण वाढलं. प्रश्न मागे घ्यायचा की नाही, याचं उत्तर त्यांना मिळालं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. पुढचा सगळा आठवडा घरात स्वयंपाक, हवापाणी आणि चाँदमियाँच्या गुडघ्याखेरीज कशावरच बोलणं झालं नाही.

उत्तराच्या दिवशी बाई तीन पुरवणी प्रश्न तयार करून गेल्या होत्या. मामला विचाराधीन आहे म्हटलं की पहिला टाकायचा, मग दुसरा. मंत्री उठले. मागची फजिती लक्षात असल्यामुळे या वेळी त्यांनी कागद हातात घेतला आणि सरळ वाचायला सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी खात्याचं उत्तर जसंच्या तसं वाचलं असेल.

उत्तर असं होतं. हुकूम फसली तेराशे पंचावन्नमध्ये निघाला. तारही तेव्हाच आली. ती गोपाळबागेत न लागता खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या बंगल्याच्या बागेत लागली आणि आजही तिथे आहे. ती काढून या महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत जचकीखान्याला लावण्यात येईल.

फसली साल ऐकल्याबरोबर जुन्या माणसांनी बोटांवर हिशेब केला. सात-आठ वर्षांपूर्वीचा, निजामाच्या अमदानीतला हुकूम. सभागृहात असा हशा पिकला की सभापतींनाही रुमाल तोंडाशी धरावा लागला. मंत्री वाचता वाचता मध्येच अडखळले होते, पण अर्ध्या वाक्यात थांबणार कसे? वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवत म्हणाले, ‘‘बाई साहिबा, आप का परसों मिल गया.’’

तारामतीबाईंनी पुरवणी प्रश्नांच्या कागदाची घडी घातली. त्यांच्याकडे विचारायला काहीच उरलं नव्हतं. ते उत्तर कुणी लिहिलं हे त्या सभागृहात त्यांच्या एकट्यांना ठाऊक होतं. साहेबांची त्यावर सही होती, पण साहेबांनी ते वाचलेलं नव्हतं. नामदेवरावांचा मसुदा वाचावा लागत नाही, असा त्यांच्यावर सगळ्या खात्याचा वर्षानुवर्षांचा विश्वास होता. तो सगळा विश्वास नामदेवरावांनी एका कागदावर संपवून टाकला. बाईंना एकाच वेळी अभिमान वाटला आणि रडू आलं, आणि दोन्ही त्यांनी पदराआड केलं.

पंचवीस तारखेच्या दोन दिवस आधीच तार लागली. सुशीलाबाईंचे बल्ब छताला धूळ खात होते, ते पुसले आणि पेटले. वस्तीने बाईंना हार घातला. त्या लवकर घरी आल्या, कारण घरी ट्रंक भरायची होती. बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात निघाला होता. साहेबांच्या बागेतले दिवे गेले, पण साहेब जागेवर होते.

विरोधी बाकांवरच्या लोकांनी बाईंना गाठलं. हा उघड सूड आहे, म्हणाले, सभागृहात विचारा, आम्ही सगळे उभे राहतो. बाईंच्या मनात तो प्रश्न शब्दाशब्दाने तयार होता. घरी येऊन त्यांनी नामदेवरावांना तो ऐकवलासुद्धा.

नामदेवराव ट्रंकेत रजई दाबत होते. ‘‘चांगला आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण विचारून काय करशील? उत्तर लिहायला मी तिथं नसणार.’’ मग म्हणाले, ‘‘आणि तार माझ्यासाठी लावली नव्हती आपण. नक्को विचारू.’’

पुढे राज्याचे तुकडे होईपर्यंत तारामतीबाई विधानसभेत होत्या. त्यांनी वीजदरांवर विचारलं, गावांवर विचारलं, वीजघरांवर विचारलं. कुठल्याही मंत्र्याने ‘लवकरच’ म्हटलं की त्या बसल्या जागेवरून ‘‘तारीख?’’ म्हणत आणि काही दिवसांनी इतर सभासदही म्हणू लागले. छापील कामकाजात त्यांचे प्रश्न पानोपानी आहेत. एका मुन्तजिमाची बदली का झाली, हा प्रश्न तेवढा कुठेही नाही.

नामदेवराव आदिलाबादला निघाले त्या दिवशी काचीगुडा स्टेशनवर चाँदमियाँही आले होते. त्यांनी नामदेवरावांच्या हातात दम्याच्या पुड्यांची चळत दिली आणि लांब जाऊन उभे राहिले. गाडीने शिटी दिली. बाई फलाटावर, खिडकीशी उभ्या होत्या. इतका वेळ त्या डबा कुठे ठेवलाय, पाणी कुठे ठेवलंय, रजई वर घ्या, असं काहीबाही सांगत होत्या. गाडी हलली तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून खरं ते निघालं.

‘‘परत कधी येणार?’’

नामदेवरावांनी अगदी मंत्र्यांसारखा चेहरा केला. ‘‘परसों,’’ ते म्हणाले.

बाईंना हसू फुटलं. गाडीबरोबर त्या फलाटावरून चालत राहिल्या, हसत, डोळे पुसत, आणि मग चालणं गाडीला पुरेना तेव्हा थांबल्या. साऱ्या सरकारकडून तारीख घेणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी तारीख विचारली नाही.